म्हात्रेकाकांचा डावा कान

आमच्या ऑफिसातले किस्से मी लिहून काढावेत असं मुनीर मुकादम बरेच दिवस मागे लागलाय. मी म्हणते, बाबा, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून बोटं झिजली, आता आपलंही लिहू? पण किस्से साठत जातात. माळ्यावरच्या डब्यांसारखं होतं, एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. तेव्हा आता येतील तसे सांगते.

आमचं ऑफिस महापेला. काम सांगायला सोपं आहे. लोकांनी रेकॉर्ड केलेलं ऐकायचं आणि टाइप करायचं. डॉक्टरांचे रिपोर्ट, सोसायट्यांच्या मीटिंगा, कुणी अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखती. हल्ली पहिला मसुदा कॉम्प्युटरच करतो, आम्ही त्याच्या चुका काढतो. त्यामुळे माणसं कमी होत गेली. आमच्या ओळीत उरलो ते मी, शीतल, टाइप करता करता सगळी यंत्रं सांभाळणारा मुनीर मुकादम, आणि म्हात्रेकाका. कानावर कंपनीने घाऊकमध्ये आणलेले हेडफोन. माणसाचा आवाज कमी आणि त्यांचाच जास्त!

*

ते हेडफोन आले त्याच दिवशी सगळ्या ओळीच्या कानात घूं सुरू झालं. देवळातल्या गाभाऱ्यात पंखा लावावा तसं. मॅनेजर म्हणाले, नवीन आहेत, बसतील हळूहळू. जणू चपला आणल्या होत्या.

मुकादम उरणकडचा. बोटीच्या इंजिनापासून मिक्सरपर्यंत काहीही उघडून बसणारा. त्याने वायरी बदलल्या, सॉकेट बदलले, घूं तसंच. मग दुपारी जेवून आल्यावर शीतलने चपला काढून एक पाय टेबलाच्या लोखंडी पायावर टेकवला आणि ओरडली, "आवाज गेला!" पाय उचलला, घूं परत. टेकवला, शांत. मुकादमला तेवढ्यात उलगडा झाला. लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नव्हतं. ते काम शीतलचा पाय करत होता.

तीन पिनांचे चार्जर मागवले, पण ते येईपर्यंत आमची अख्खी ओळ एक पाय अनवाणी, लोखंडाला टेकवून बसायची. नेमका त्याच आठवड्यात पुण्याहून क्लायंट आला. आत आला, एकेकाचे पाय बघत गेला, मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजरांचा चेहरा पडला.  बिचाऱ्या क्लायंटने दारात जाऊन बूट काढले आणि मग आत येऊन बसला.

*

म्हात्रेकाकांबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे.

काका आगरी. त्यांचं गाव खाडीकाठी होतं. विमानतळासाठी गाव उठलं आणि उलव्याजवळच्या नव्या वसाहतीत गेलं. घर बांधलं, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या, घरी बसून आरामात खाल्लं असतं. पण काकांना ऐकायचं वेड. पुटपुटणारा म्हातारा असो, तोंडात पान घेऊन बोलणारा सरपंच असो, आम्हाला जे वाक्य लागायचं नाही ते आम्ही काकांकडे न्यायचो. काका डोळे मिटून एकदा ऐकायचे आणि सांगायचे.

जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःचं काम करायचे. त्यांची आत्या, सगळे तिला बाय म्हणतात, गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजींच्या आधी धवलारणीचा मान. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची एकेक रीत करताना म्हणायची लांबच लांब गाणी. बायला लिहिता येत नाही आणि तिच्यानंतर शिकलेलं कुणी नाही. गाव उठल्यावर बरोबरच्या बायका कुठे कुठे पांगल्या, त्यांना आठवतं ते फक्त मागून धरायचं पालुपद. तेव्हा काकांनी लग्नालग्नांत जाऊन मोबाइलवर बायला रेकॉर्ड केलं होतं आणि एकेक धवला कागदावर उतरवत होते. बायची आठवण जायला लागली होती, त्यामुळे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. जे होतं ते मोबाइलमध्ये.

शेवटचा धवला राहिला होता. मुलगी सासरी निघाली की म्हणायचा. त्यात घरातली एकेक वस्तू तिला निरोप देते, चूल, भाताची कणगी, खेकडे ठेवायची टोपली, असं काका सांगायचे. तो रेकॉर्ड केला तेव्हा मोबाइल त्यांच्या शर्टाच्या खिशात होता आणि शेजारी मांडवाचा जनरेटर!

आम्ही एकदा गंमत म्हणून तो कॉम्प्युटरला दिला. बघू तरी हा शहाणा काय मसुदा काढतो. त्याने सगळं ऐकलं आणि एकच शब्द टाइप करून दिला, संगीत.

काकांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "बरोबर हाय. त्याची काय चूक नाय."

*

त्या धवल्यासाठी मुकादमने घरून आवाजाला जोर देणारा अॅम्प आणला. तोपर्यंत आम्हाला वाटायचं, अॅम्प म्हणजे गणपतीच्या मांडवात असतो तो. हा तंबाखूच्या डबीएवढा.

मुकादमचं म्हणणं, हेडफोन आणि अॅम्पचं लग्न असतं. काही हेडफोन जड असतात, त्यांना मोबाइलचा जोर पुरत नाही, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. काही इतके नाजूक की मोठ्या अॅम्पला लावले तर गाणं सुरू नसतानाही सूं ऐकू येतं. मग तो एकेक जोडी लावून बघायचा आणि नापसंतीने मान हलवायचा. आमच्याकडे मुली दाखवायच्या कार्यक्रमात हलवतात तशीच. शेवटी त्याने चोरबाजारातून उचललेला एक जुना जडशीळ हेडफोन आणि तो डबीएवढा अॅम्प यांचं जमलं. काकांनी ऐकलं आणि अंगठा वर केला. जनरेटरच्या मागे बाय सापडली होती, शब्द मात्र अजून एकेक करून काढायचे होते.

शीतलला कुणाचीही भीड नव्हती. मुकादमचं स्वतःचं लग्न वर्षभरात मोडलं होतं हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक, पण बोलत कुणी नव्हतं. ती म्हणाली, "मुनीर, एवढं कळतं तर तेव्हा नाही बघितलंस?"

मुकादम वायर गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "दोन्ही पीस चांगले होते गं. जोडी नव्हती."

*

शीतल पुढे रजेवर गेली ती उपचारांसाठी. तिचा हेडफोन माझ्याकडे आला. त्याला एक खोड होती. बाई बोलत असली की स्वच्छ, पुरुष बोलायला लागला की उजवीकडे थरथरल्यासारखा फर्रर्र आवाज. मी म्हटलं, हेडफोनलासुद्धा पुरुष सोसत नाहीत.

मुकादमने गादी काढली, आतला स्पंज काढला, भिंग धरलं. पातळ पडद्यावर एक लांब केस वेटोळं घालून बसला होता. जाड आवाज आला की पडदा जास्त हलायचा आणि केसावर आपटायचा. मुकादमने चिमट्याने तो अलगद बाहेर काढला. लावून बघितलं, फर्रर्र बंद.

पण केस होता शीतलचा. शीतलने आदल्याच आठवड्यात ग्रुपवर फोटो टाकला होता, डोक्यावरचे सगळे केस गेलेले आणि तोंडभर हसतेय. मुकादम चिमटा हातात धरून उभा. टाकवेना आणि ठेवायचा कुठे ते कळेना. काकांनी खिशातला रुमाल पुढे केला. त्यात तो केस ठेवला आणि रुमाल माझ्या खणात गेला.

शीतल एकदा तिचं सामान न्यायला आली, डोक्याला स्कार्फ बांधून. मला राहवलं नाही, मी सांगून टाकलं. तिने रुमाल उलगडला आणि केस उजेडाला धरला.

"म्हणजे एक शिल्लक होता तर," ती म्हणाली.

त्यानंतर ती ऑफिसात आली नाही. तिला पोचवायला आम्ही तिघंही गेलो होतो.

*

खरखरीची तक्रार आली की मुकादमची एक रीत होती. माणूस काय सांगतो ते ऐकायचंच नाही. म्हणायचा, "हेडफोन उलटा घाला." म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर. आवाज दुसऱ्या कानात गेला तर हेडफोन खराब. त्याच कानात राहिला तर खराबी मागे कुठेतरी, मग लॅपटॉप बदलून बघायचा. डॉक्टर जीभ बघतात तसं त्याचं हे. आम्हा सगळ्यांना इतकं पाठ झालेलं की त्याने तोंड उघडायच्या आधी आम्ही उलटा घालायचो.

एके दिवशी काकांनी सांगितलं, डाव्या कानात शिट्टी येतेय. कुकरची नाही, बारीक, सलग.

उलटा घातला. शिट्टी डावीकडेच. लॅपटॉप बदलला, डावीकडेच. अॅम्प काढून टाकला, दुसरा हेडफोन आणला, माझा दिला. डावीकडेच. मुकादमचा उत्साह वाढत चाललेला, त्याला अशी अवघड केस मिळाली की जेवण सुचत नाही. शेवटी काय मनात आलं कोण जाणे, त्याने काकांच्या डोक्यावरून हेडफोनच काढून घेतला आणि विचारलं, "आता?"

"हाय ना," काका म्हणाले.

मुकादम हेडफोन हातात घेऊन उभा राहिला. मी स्क्रीनकडे बघायला लागले. काकांनी आमच्या दोघांकडे बघितलं, आणि त्यांना कळलं.

"मंग यो बदलून कोन देनार?" ते म्हणाले.

*

वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाची नस वाळत चाललीय. शिट्टीवर औषध नाही. उजवाही जाईल, सावकाश. काकांनी हे आम्हाला नळ गळतोय असं सांगावं तसं सांगितलं आणि लगेच धवल्याचं पान काढून बसले. सुट्टी सोडून कामाच्या वेळेतही ते आता धवलाच ऐकायचे. मॅनेजरांना दिसत होतं, पण ते दुसरीकडे बघायचे. तेही शेवटी माणूसच होते, एवढंच मी म्हणेन.

कंपनीचं कामही काका करत होते. एकदा त्यांनी कॉम्प्युटरचा मसुदा न घेता ऐकून टाइप केलेला, मच्छीमारांच्या एका मुलाखतीचा मजकूर पाठवला, तो वाचून मॅनेजर जागेवरून उठून आले. सगळ्या पानांवर नुसती उत्तरं. "हो." "नाही, तेव्हा नव्हतं." "माझा भाऊ." "ते मी नाही सांगणार." प्रश्न एकही नाही! रेकॉर्डिंग असं होतं की विचारणाऱ्याचा आवाज डावीकडे आणि सांगणाऱ्याचा उजवीकडे. काकांना डावीकडचं काही ऐकूच आलं नव्हतं, आणि कुणी विचारतंय हेही कळलं नव्हतं.

मॅनेजरांनी हळूच विचारलं, काका, प्रश्न कुठायत? काकांनी पान हातात घेऊन परत वाचलं.

"सवाल कशाला पायजे? जबाबावरशी कलतंय ना," ते म्हणाले.

मॅनेजर आपल्या जागेवर जाऊन बसले. प्रश्न मी भरले. मुकादमने त्याच संध्याकाळी काकांच्या वायरीला जोड देऊन दोन्ही बाजू उजव्या कानात आणल्या. त्यावर काकांचे बरेच दिवस निघाले.

*

मग कानातलं यंत्र आलं. यंत्रावर हेडफोन घातला की दोघांचं भांडण, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी चिरकी शिट्टी. यंत्र काढलं तर ऐकू येत नाही, ठेवलं तर हेडफोन घालता येत नाही. मुकादमने गाद्या बदलल्या, मध्ये फोमचं कडं घातलं, अॅम्प वाढवला, कमी केला. जनरेटरचं घूं त्याने कॉम्प्युटरवर बसून जवळजवळ पुसून काढलं होतं. कधी नव्हे ते रेकॉर्डिंग स्वच्छ झालं होतं. मला बायचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पण मला शब्द कळत नव्हते, आणि ज्यांना शब्द कळले असते त्यांना आवाज येत नव्हता.

मला त्या दिवसांत फार राग यायचा. कुणाचा ते सांगता येणार नाही. घरी जाऊन भांडी आपटायचे.

काकांनी स्वतःहून काम सोडलं. ऐकू न येता पगार घेणं त्यांना बरं वाटेना. शेवटच्या दिवशी त्यांनी कंपनीचा हेडफोन वायर नीट गुंडाळून मुकादमच्या हातात दिला. तोच, पहिल्या दिवशी घूं करणारा. मुकादमने सवयीने विचारलं, काही खराबी?

काकांनी त्याच्या ओठांकडे बघितलं.

"यो चांगला हाय," ते म्हणाले. "याची काय चूक नाय."

मुकादम जिन्यात जाऊन रडला. मी बघितलं, आणि मीही तिथेच बसले.

*

हे सगळं झाल्यावर मुकादमच्याच डोक्यात आलं, की काकांना ऐकू येत नाही, मला कळत नाही, मग बायलाच ऐकवू. ऐकून तिला आठवलं आणि ती म्हणाली, तर समोरासमोर शब्द तरी नीट टाइप करता येतील. काकांनी आमचा निरोप मोबाइलवर वाचला आणि या म्हणून लिहिलं.

रविवारी सकाळी आम्ही उलव्याजवळच्या त्यांच्या घरी गेलो. बाय व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, लुगडं नेसून, पाय वर घेऊन. वरून विमान गेलं तरी तिने मान वर केली नाही, तिलाही ऐकू कमीच. काकांना तिने ओळखलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांचा हात धरून ठेवला. काकांचा उजवा कानही तोपर्यंत जवळजवळ गेलेला, त्यामुळे ते बोलायचे ते फार मोठ्याने.

मुकादमने तो जडशीळ हेडफोन हळूच तिच्या डोक्यावर ठेवला, अॅम्प पार शेवटपर्यंत नेला आणि धवला सुरू केला. आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तयार बसले. बाय ऐकत होती. तोंडावर काही नाही. मग कपाळाला आठी पडली. मग तिने दोन्ही हातांनी हेडफोन काढून गळ्यात घेतला.

"ही कोन बाय?" तिने विचारलं. "चुकीचा बोलते. हिला कोनी शिकवला?"

मुकादमने माझ्याकडे बघितलं.  काका विचारत होते, काय बोलली, काय बोलली, आणि आम्ही सांगणार तरी काय.

तेवढ्यात बायने गळा साफ केला आणि स्वतःच सुरू केलं. आवाज फाटलेला होता, मध्ये मध्ये नुसता वारा. काका खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मी टाइप करायचा प्रयत्न केला. निम्मं हातातून निसटलं. संपल्यावर बायने काकांच्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं.

"आयकलास?"

"आयकला," काका म्हणाले.

"मंग आता तू बोल."

धवले बायका म्हणतात. पुरुषाने म्हटलेले मी तरी कधी ऐकले नव्हते, आणि काकांनी कितीतरी वेळा सांगितलं होतं की त्यांना यातली एक ओळ येत नाही. तरी ते म्हणायला लागले. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने सूर कुठल्या कुठे जात होता, आणि इतक्या मोठ्याने की शेजारची माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. पण थांबले नाहीत, अडखळले नाहीत. चूल आली, कणगी आली, टोपली आली. सावकाश म्हणत होते, त्यामुळे मला प्रत्येक शब्द टाइप करता आला. मुकादम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

गळ्यात हेडफोन घेतलेली बाय मान डोलावत शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "यो बरोबर बोलतंय."